गांडीव कोणाचे?

श्रीमद्भगवद्गीतेचा उपदेश ज्या प्रसंगातून निघाला, तो प्रसंग शस्त्र गळून पडण्याचा आहे. पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या हातातून गांडीव निसटू लागते, अंगाचा दाह होतो, आणि अखेरीस धनुष्यबाण बाजूस टाकून तो रथात बसून राहतो. हे आपण इतक्या वेळा वाचलेले असते की त्यातील एक साधी गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. अर्जुनाला शस्त्र टाक असे कोणी सांगितलेले नव्हते. ना धृतराष्ट्राचा तसा हुकूम होता, ना भीष्मांचा. त्याने ते आपण होऊन टाकले, आणि त्याने ते पुन्हा उचलावे म्हणून भगवंतांना एवढे सारे सांगावे लागले. आता याच्या उलट प्रसंग कल्पून पाहावा. शस्त्र हातात घट्ट धरलेले आहे, धरणाराच्या मनात विषादाचा लवलेश नाही, आणि राज्याचा कायदा दाराशी येऊन सांगतो की, या शस्त्राची नोंद कर, त्याचा परवाना दाखव, आणि मी सांगेन त्या दिवशी ते माझ्या स्वाधीन कर. हा कायदा अन्यायाचा आहे असे त्या मनुष्यास मनापासून वाटत असेल, तर त्याने त्यास कोणत्या रीतीने विरोध करावा? गीता याविषयी काही सांगते काय?

हा प्रश्न मी हौसेने काढलेला नाही. तो मला विचारण्यात आला.

२०२४ च्या ऑक्टोबर महिन्यात मी कोलकात्यास मुलीकडे राहावयास गेलो होतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आमच्या गावी माझा भाचा शेती करतो. त्याच्या घरी शेतसंरक्षणाच्या परवान्यावरील ठासणीची बंदूक आहे. कोकणात अशा बंदुका अनेक शेतकऱ्यांच्या घरी आहेत. त्या माणसावर रोखण्यासाठी नाहीत. भात पोटरीस आले की रानडुकरे उतरतात, काजूला बोंडे धरली की माकडे येतात, अलीकडे गवेही येऊ लागले आहेत. रात्री एक बार काढला की कळप मागे फिरतो. त्या वर्षी १२ ऑक्टोबर रोजी दसरा होता. खंडेनवमीस भाच्याने कोयता, विळे, नांगराचा फाळ आणि बंदूक ही सारी पाटावर मांडून त्यांवर झेंडू वाहिला. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी, १५ तारखेस, विधानसभेची निवडणूक जाहीर झाली, आणि पाठोपाठ गावात निरोप आला की परवानाधारकांनी आपली शस्त्रे निवडणूक संपेपर्यंत पोलीस ठाण्यात जमा करावीत. भात कापणीस आलेले होते.

देवळाच्या मंडपात बंदूकवाल्यांची बैठक बसली. भाच्याने तिचा वृत्तान्त मला सविस्तर लिहून पाठविला. एकाचे म्हणणे पडले की बंदूक गवताच्या उडवीत खुपसून ठेवावी आणि विचारणा झाल्यास दुरुस्तीला दिली आहे असे सांगावे. दुसऱ्याच्या घरी एक जुनी गंजकी नळी पडून होती. ती जमा करून चांगली घरी ठेवावी, ठाण्यात कोण निरखून पाहतो, असा त्याचा हिशेब. तिसरा तरुण होता. तो म्हणाला, सर्वांनी मिळून साफ नकार द्यावा, किती जणांना धरून नेतील? एक निवृत्त सैनिक होते, त्यांनी आयुष्यभर शस्त्र मोजून घेतले आणि मोजून परत दिले. त्यांना या चर्चेचेच आश्चर्य वाटले. गावच्या शाळेतील गुरुजी म्हणाले की सरसकट सर्वांची शस्त्रे मागता येत नाहीत, प्रत्येकाचे प्रकरण तपासून मगच मागावीत, असे मुंबई उच्च न्यायालयाने पूर्वीच म्हटले आहे. तेव्हा अर्ज करावा. यावर एक म्हातारबाबा उद्गारले, "अर्ज करा, बंदूक देवा, पण डुकरांका निवडणूक आसा म्हणान कोण सांगतलो?" सारा मंडप हसला. हसणे ओसरल्यावर उडवीवाल्याने आपला शेवटचा मुद्दा मांडला. पांडवांनीही आपली शस्त्रे शमीच्या झाडावर लपविलीच होती की नाही? परवा दसऱ्याला आपण त्याचीच आठवण केली ना?

पत्राच्या शेवटी भाच्याने लिहिले होते, "मामा, तुम्ही रोज गीता वाचता. आम्ही काय करावे ते कळवा. मात्र डुकरांचा विचार करून कळवा."

मी लगेच उत्तर लिहावयास बसलो, आणि चार ओळींच्या पुढे जाईना. कायदा पाळावा, हे लिहिणे सोपे होते. परंतु ज्याच्या शेतात डुकरे शिरत नाहीत त्याने ते लिहिणे मला बरे वाटेना. दुसऱ्या दिवशी ते पत्र खिशात घेऊनच मी बजबजला गेलो. तेथे जाण्याचे आधीपासून मनात होते. पत्राशी त्या गावाचा काही संबंध असेल हे मात्र तेथे पोहोचेपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते.

बजबज हे हुगळीच्या पूर्व तीरावरील जुने गाव. सियालदहहून लोकल गाडी तेथे जाते आणि तेथेच संपते. तेलाच्या टाक्या, तागाच्या गिरण्या, आणि गढूळ, रुंद नदी. १८९७ च्या फेब्रुवारीत स्वामी विवेकानंद पश्चिमेकडून परतले तेव्हा मद्रासहून येऊन ते याच धक्क्यावर उतरले आणि येथूनच आगगाडीने कलकत्त्यास गेले. त्यापूर्वी १७५६ च्या डिसेंबरात येथील किल्ला क्लाइव्हच्या फौजेने घेतला. तोही कसा, तर एक मद्यपी खलाशी रात्री एकटाच तटावर चढून ओरडू लागला आणि बाकीचे त्याच्यामागून धावले! हुकुमाविना किल्ला घेतल्याबद्दल वरिष्ठांनी त्याला दरडावले, अशी गोष्ट इंग्रजांच्या इतिहासातच नमूद आहे. असो. आज या गावचे नाव घेतले की आठवतो तो २९ सप्टेंबर १९१४ चा दिवस. स्थानकाच्या नावातही २०१३ पासून 'कोमागाटा मारू' ही अक्षरे आली आहेत.

ती हकीकत थोडक्यात अशी. बाबा गुरदित सिंग यांनी 'कोमागाटा मारू' हे जपानी जहाज भाड्याने घेऊन ३७६ हिंदी प्रवाशांना कॅनडात नेले. त्यांत बहुसंख्य शीख होते, काही मुसलमान व काही हिंदूही होते. व्हँकुव्हरच्या बंदरात जहाज दोन महिने अडवून ठेवण्यात आले. मोजक्या लोकांना उतरू दिले आणि जुलै महिन्यात बाकीच्यांस परत पाठविले. जहाज हुगळीत शिरले तोवर महायुद्ध सुरू झालेले होते. हिंदुस्थानात येणाऱ्यांच्या हालचालींवर बंधन घालणारा वटहुकूम सरकारने त्याच महिन्यात काढला होता. बजबज येथे प्रवाशांस सांगण्यात आले की समोर उभी असलेली गाडी थेट पंजाबला जाईल, तिच्यात बसा. सुमारे साठ जण बसले. बाकीचे गुरू ग्रंथसाहेब अग्रभागी घेऊन पायी कलकत्त्याकडे निघाले. वाटेत फौजेने त्यांना अडवून परत आणले, आणि तिन्हीसांजेस स्थानकाजवळ झटापट होऊन गोळीबार झाला. सुमारे वीस शीख मारले गेले. सरकारी बाजूचे व बघ्यांपैकीही काही जण पडले.

पहिली गोळी कोणी झाडली? सरकारी चौकशी समितीने म्हटले की प्रवाशांजवळ लपविलेली रिव्हॉल्व्हरे होती आणि आरंभ त्यांनी केला. गुरदित सिंगांनी ते सर्वस्वी नाकारले. मी या वादाचा निवाडा करू इच्छीत नाही. मला तेथे उभे असताना दुसरीच गोष्ट जाणवली. जहाजाची झडती झाली होती, माणसांची झाली होती. तरीही समोरच्या प्रत्येक पगडीत आणि प्रत्येक गाठोड्यात शस्त्र असेल या धास्तीने फौज उभी होती. ही धास्ती निराधार नव्हती. अवघ्या एका महिन्यापूर्वी, २६ ऑगस्ट रोजी, कलकत्त्यात रोडा कंपनीच्या मालातून पन्नास माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे क्रांतिकारकांनी बैलगाडीत घालून नेली होती. ती कोठे असतील हे सरकारला कळत नव्हते. म्हणून ती सर्वत्र असतील असे त्यास वाटत होते. लपविलेल्या शस्त्राची झळ पुष्कळदा अशा माणसास लागते की ज्याच्याजवळ शस्त्रच नसते.

याचा अर्थ त्या क्रांतिकारकांस मी दोष देतो असा कोणी करू नये. त्यांना चोर म्हणावयास माझी जीभ धजत नाही. ज्या कायद्याखाली ती पिस्तुले बेकायदा होती तो लॉर्ड लिटनच्या राजवटीतील १८७८ चा कायदा होता. त्याच वर्षी देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणाराही कायदा झाला. वृत्तपत्रांचा कायदा चार वर्षांत रद्द झाला. शस्त्रांचा मात्र ऐंशी वर्षांहून अधिक काळ टिकला, यावरून राज्यकर्त्यांस कशाचे भय अधिक होते ते दिसते. या कायद्यात हिंदी मनुष्यास परवाना हवा होता आणि गोऱ्यास सूट होती. जो कायदा करणारास लागू नाही आणि ज्यास लागू आहे त्यास विचारलेला नाही, त्यास कायदा हे नाव केवळ लेखनापुरते. शिवाय त्या तरुणांनी ती शस्त्रे स्वतःच्या घराची राखण करावयास नेली नव्हती. पुढच्याच वर्षी बालासोरजवळ जतीन्द्रनाथ मुखर्जी आणि त्यांचे साथी त्यांतलीच पिस्तुले घेऊन लढले, त्यांतील काही तेथेच पडले आणि काही फासावर गेले. शस्त्र लपविले, पण प्राण लपविला नाही. माझ्या भाच्याच्या गावातील उडवीवाल्याने त्यांचा दाखला देण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावयास हवे.

तरीही वाचक विचारील, की अन्याय्य कायद्यास विरोध करण्याचा तोच एक मार्ग होता काय? नव्हता. काँग्रेसने आपल्या पहिल्या काही अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध ठराव केले. महात्मा गांधींसारख्या अहिंसाव्रती पुरुषाने १९१८ मध्ये त्याची गणना ब्रिटिश राज्याच्या अत्यंत काळ्या कृत्यांत केली, आणि १९३० मध्ये व्हाइसरॉयपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत लोकनियंत्रणाखाली आत्मरक्षणार्थ बंदुकीचे परवाने मिळावेत ही एक मागणी घातली. हे पुष्कळांना ठाऊक नसते. मात्र त्या कायद्यावर एवढे कठोर बोलणाऱ्या या पुरुषाने कोणासही बंदूक जमिनीत पुरून ठेव असे सांगितले नाही. बजबजहून निसटलेले गुरदित सिंग सात वर्षे वेष पालटून हिंडले. १९२१ मध्ये गांधीजींच्याच सल्ल्याने ते ननकाना साहेब येथे हजारोंच्या देखत पोलिसांच्या स्वाधीन झाले आणि त्यांनी पाच वर्षांचा कारावास भोगला. ते भ्याले म्हणून शरण आले असे कोणी म्हणेल काय? लपण्यात जेवढे धैर्य लागले त्याहून प्रकट होण्यात अधिक लागले. सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना करताना भगवंतांनी सर्व गुणांच्या आधी अभय ठेवले आहे. अभय म्हणजे हाताशी शस्त्र असल्याने येणारा धीर, असा अर्थ कोणाही आचार्याने केलेला मला आढळला नाही.

नदीकाठच्या त्या गावी हुतात्म्यांचे जे स्मारक आहे, ज्याचे उद्घाटन १९५२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झाले, त्याचा आकार आकाशाकडे उभारलेल्या कृपाणाचा आहे. कृपाणही शस्त्रच आहे, आणि तेही एके काळी त्याच १८७८ च्या कायद्याच्या कचाट्यात सापडले होते. शिखांनी ते उडवीत लपविले नाही. ते अंगावर उघड वागविले, त्यासाठी खटले आणि तुरुंग सोसले, आणि टप्प्याटप्प्याने सूट मिळविली. आज आपल्या संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदातच कृपाणाचा उल्लेख आहे. कोडगूच्या कोडवांनाही त्यांच्या परंपरेमुळे परवान्यातून सूट आहे. म्हणजे, ज्याने आपले शस्त्र आणि आपला आग्रह दोन्ही उजेडात ठेवले, त्याच्यापुढे कायदाही वाकला आहे.

आता स्वराज्यातील कायदा पाहावा. घटना समितीत १९४८ च्या डिसेंबरच्या आरंभी श्री. हरि विष्णु कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी उपसूचना मांडली. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात तो हक्क नियमांच्या अधीन राहून मान्य केलेला होता, तेव्हा मागणी निराधार नव्हती. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. सरसकट हक्क दिला तर तो चोरदरोडेखोरांनाही मिळेल, हा त्यांचा एक मुद्दा. तो कोणीही मांडला असता. परंतु दुसरा मुद्दा विचार करावयास लावणारा आहे. नव्या राज्यात आग्रह धरावयाचा तर तो शस्त्र धरण्याच्या हक्काचा नव्हे, शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा धरावा, अशा आशयाचे ते बोलले. संकटकाळी राज्य प्रत्येक नागरिकास सेवेस बोलावू शकते, ती तरतूद घटनेत आहेच, असे त्यांनी सांगितले. गीतेच्या वाचकास हा विचार परका वाटू नये. अर्जुनाला युद्ध करण्याचा हक्क आहे की नाही याची चर्चा भगवंत करीतच नाहीत. ते विचारतात तो स्वधर्म.

पुढे १९५९ चा शस्त्र अधिनियम आला. त्याने वंशभेद ठेवला नाही, परवाना मात्र ठेवला. २०१९ मध्ये त्यात दुरुस्ती झाली तेव्हा एका माणसाने तीनऐवजी एकच बंदूक बाळगावी असे मूळ विधेयकात होते. बंदूकधारकांनी व काही लोकप्रतिनिधींनी आक्षेप घेतले, वाडवडिलांच्या बंदुकांचे काय असे विचारले, आणि अखेर ती मर्यादा दोनवर आली. सरसकट शस्त्रे जमा करण्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्या माणसाचेही तसेच. त्याच्या एकट्याच्या खटपटीने पडताळणी समितीचा दंडक झाला आणि त्याचा लाभ जे कधी न्यायालयाची पायरी चढले नाहीत अशा सर्वांना झाला. तिसऱ्या अध्यायात ज्याला लोकसंग्रह म्हटले आहे तो याहून निराळा नसावा. उडवीत लपविलेल्या बंदुकीने मात्र कायद्याचा एक शब्दही बदलत नाही. तो अन्यायाचा असेल तर तसाच राहतो आणि न लपविणाऱ्यांच्या माथी पडतो. त्यास विरोध म्हणणे ही भाषेची चैन आहे. ती पळवाट आहे, आणि तीही एकट्यापुरती.

पण पांडवांच्या शमीवृक्षाचे काय? तो दाखला मला अनेक दिवस सतावीत होता, कारण तो खोटा नाही. विराटपर्वात पांडवांनी शस्त्रे झाडावर बांधली, वर एक प्रेत टांगले, आणि गुराख्यांना सांगितले की ही आमची एकशेऐंशी वर्षांची माता आहे, आमच्या कुळाची अशी रीतच आहे. धर्मराज बरोबर असताना हे बोलणे झाले! याचे समर्थन करण्याच्या भरीस मी पडत नाही. एवढेच पाहावे की त्यांनी शस्त्रे आपल्यापासून दूर ठेवली, ती वापरता येऊ नयेत म्हणून. अज्ञातवासाचा करार त्यांनी स्वतः मान्य केलेला होता आणि शस्त्र हाताशी असते तर तो मोडला असता. द्यूतात झालेला अन्याय त्यांच्याइतका कोणी सोसला होता? तरीही बारा अधिक एक वर्षे त्यांनी मोजून भरली. उडवीवाला बंदूक लपवितो ती रात्री हाताशी असावी म्हणून. दोन्हींत शस्त्र लपलेले आहे, एवढ्यावर दाखला संपतो.

गांडीवाची खरी कथा मला दुसरीकडे सापडली. कर्णपर्वात युधिष्ठिर कर्णाच्या बाणांनी घायाळ होऊन शिबिरात पडलेला असतो. अर्जुन भेटीस येतो. कर्ण अजून जिवंत आहे असे कळताच युधिष्ठिर संतापून म्हणतो, की तुझ्याने होत नसेल तर ते गांडीव दुसऱ्या कोणास दे. हे ऐकताच अर्जुन तलवार उपसतो. थोरल्या भावाचा शिरच्छेद करावयास! कारण त्याचे एक गुप्त व्रत होते, की गांडीव दुसऱ्यास दे असे जो म्हणेल त्याचे मस्तक उडवावयाचे. जगातील कोणत्याही देशात, 'माझे शस्त्र मागाल तर प्रथम माझ्याशी गाठ आहे' असे म्हणणारा जो बंदूकवाला असेल, त्याने येथे आपला पूर्वज ओळखावा. आणि त्याला अडविले कोणी? ज्यांनी कुरुक्षेत्रावर त्याच धनुष्यासाठी त्याला उठविले, त्यांनीच. तू वृद्धांची सेवा केलेली दिसत नाहीस, धर्माची सूक्ष्म गती तुला ठाऊक नाही, अशा शब्दांत श्रीकृष्णांनी त्याची कानउघाडणी केली. शस्त्र उचल म्हणणारे आणि शस्त्रासाठी माणूस मारू नकोस म्हणणारे भगवंत एकच आहेत. शस्त्र एखाद्या कार्यासाठी धरले तर ते त्यांस चालते; शस्त्र हेच कार्य झाले की चालत नाही.

याच कथेचा शेवट महाप्रस्थानिकपर्वात आहे. पांडव सर्व सोडून, वल्कले नेसून निघाले आहेत. राज्य सोडले, घर सोडले. पण अर्जुनाच्या हातात गांडीव अजून आहेच. महाभारतकार नि:संकोचपणे सांगतात की मोठ्या मोलाच्या वस्तूचा लोभ सुटला नव्हता म्हणून. वास्तविक त्या धनुष्याचे सामर्थ्य सरलेले होते. द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन येताना काठ्या घेतलेल्या लुटारूंपुढेही ते कामास आले नव्हते. वाटेत अग्निदेव आडवा उभा राहतो आणि आठवण देतो, की हे मी वरुणाकडून तुझ्यासाठी आणले होते, ते आता वरुणास परत कर. तेव्हा अर्जुन ते पाण्यात सोडतो. खांडववनाच्या वेळी मिळालेले धनुष्य आयुष्यभर 'माझे गांडीव' म्हणून मिरविले, त्यासाठी भावावर तलवार उपसली, आणि ते मुळात उसने आणलेले होते!

मला वाटते, माझ्या भाच्याचा प्रश्न येथे येऊन ठेपतो. बंदूक त्याची आहे काय? परवाना त्याच्या नावावर आहे, पैसे त्याच्या आजोबांनी दिले आहेत, हे खरे. परंतु शेत राखावे एवढ्यासाठीच समाजाने ती त्याच्या हाती राहू दिली आहे. ज्याने ठेव दिली त्याने हिशेब मागितला तर राग येण्याचे कारण नाही. हिशेब चुकीचा मागितला जात असेल तर तसे तोंडावर सांगण्याचे कारण मात्र पुरेपूर आहे. अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. कर्तव्य काय हे न कळता मोहाने सोडणे हा तामस, शरीराला त्रास होईल या भयाने सोडणे हा राजस, आणि आपले नियत कर्म करीत असताना आसक्ती व फळ सोडणे हा सात्त्विक. पोलीस धरतील म्हणून बंदूक मुकाट्याने नेऊन टाकणारा मनुष्य कायदा पाळतो, पण त्याचा त्याग राजसच होय. त्याला त्याचे फळ मिळत नाही, असे भगवंत म्हणतात. म्हणून नुसते 'जमा कर' असे लिहूनही माझे उत्तर पुरे झाले नसते.

गुरुजींच्या मताची दुर्बल बाजू मला दिसत नव्हती असे नाही. अर्ज करणे हा शहाणपणाचा मार्ग आहे, पण डुकरे अर्जाच्या निकालाची वाट पाहत नाहीत. तरुणाच्या सामुदायिक नकारात उघडपणा होता, म्हणून तो मला उडवीवाल्याहून बरा वाटला. मात्र शिक्षा भोगावयाची तयारी त्याच्या बोलण्यात नव्हती, 'किती जणांना धरतील' असा संख्येचा भरवसा होता. संख्येवर उभारलेले धैर्य पहिल्या दोघांना धरले की ओसरते. शिवाय निवडणुकीच्या दिवसांत कोणाच्या बंदुकीचे भय कोणास वाटेल हे आपण बंदूकवाल्यांनी ठरवावयाचे नाही. ते ज्याच्याजवळ बंदूक नाही त्याने ठरवावयाचे. गावातील जो शेतमजूर कोणाला मत देतो हे कोणास सांगत नाही, त्याला त्या महिन्यात मंडपातील नऊ बंदुका कशा दिसतात, हा प्रश्न त्या बैठकीत कोणीच विचारला नाही. मला तर त्याचेच अधिक वाईट वाटले.

शेवटी मी भाच्यास लिहिले, की अर्ज लिहा. त्यात पीक कोणते, कापणीस किती दिवस आहेत, गतवर्षी किती नुकसान झाले, हे खरे तेवढेच लिहा. सर्वांनी सह्या करा आणि उत्तर येईपर्यंत बंदूक जमा करा. जमा करताना मान खाली घालू नका, आणि पावती मागून घ्या. रात्री पाळीपाळीने राखण करा, शेतमजुरांनाही बरोबर घ्या. धान्य गेले तर किती गेले ते मोजून त्याच अर्जाला जोडा. डुकरांचा विचार याहून अधिक मला करता आला नाही, हेही लिहिले.

त्याने तसेच केले. अर्जावर सात सह्या झाल्या. दोघांनी केल्या नाहीत. पंधरा रात्री ही मंडळी शेतावरच्या माळ्यावर बसून पत्र्याचे डबे वाजवीत होती. भाच्याचा एक कुणगा डुकरांनी एका रात्रीत लोळविला. उडवीवाल्याची बंदूक उडवीतच राहिली, कोणी पाहावयास आले नाही, आणि त्याचे भात सुरक्षित घरी आले. हे मला लपवून ठेवता येत नाही. फळावर आपला अधिकार नाही हे आपण रोज वाचतो. लोळलेल्या कुणग्याच्या बांधावर उभे राहून ते वाचावयाचे म्हणजे काय, हे भाच्याने त्या वर्षी मला पत्रातून विचारले, आणि त्या पत्रास मी अजून नीटसे उत्तर दिलेले नाही.

२३ नोव्हेंबरला मतमोजणी झाली. त्यानंतर काही दिवसांनी बंदूक परत मिळाली. नळीला थोडा गंज धरला होता, तो त्याने काढला. अर्जाचे उत्तर आले नाही. पुढच्या वेळेसाठी त्यांनी नवा अर्ज लिहून ठेवला आहे. त्यात नुकसानीचा आकडा आहे आणि खाली चार शेतमजुरांच्याही सह्या आहेत, ज्यांच्याजवळ बंदूक नाही.